दूध कोणासाठी?

आमच्या गावाच्या नावातच साप, म्हणून की काय, लावणीच्या दिवसांत पोरं बांधावरचं धामणीचं पिल्लू धरून बरणीत घालतात. मग सुरू होतो त्याच्या जेवणाचा घोर. दूध ठेवतात, भात ठेवतात, ते ढुंकून बघत नाही. बघेल कसं? सापाला चावून खायचे दात नाहीत, जे खायचं ते अख्खं गिळायचं. धामणीचं पिल्लू बेडकी, पाली खातं, मोठेपणी उंदीर. भ्यालेलं असलं तर समोर बेडकी टाकूनही तोंड लावत नाही. गिळलीच आणि पोरांनी हाताळलं, तर ओकून टाकतं. आणि एकदा पोट भरलं की कितीतरी दिवस त्याला काही लागत नाही. आपल्याला दोन वेळच्या ताटाची सवय, म्हणून आपल्याला त्याची कीव येते.

नागपंचमीचं दूधही तसलंच. सापाला दूध पचत नाही. गारुडी त्याला आधी तहानेला ठेवतो, म्हणून तो वाटीत तोंड घालतो. बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा कोर्टाने थांबवली, १९७२ च्या कायद्याने साप पाळणंही गुन्हा. ते असू दे. पण ज्याला जे पचत नाही ते त्याच्यापुढे ठेवायचं, याला पुण्य म्हणावं का?

नातू म्हणाला, "आजोबा, मग मी बेडकीच धरून घालतो."

म्हटलं, "बाबा, शेतात त्याने धरली तर ते त्या दोघांचं. बरणीत तिला पळायला वाट कुठाय?"

"मग ह्याला तरी कुठाय?" म्हणाला, आणि झाकण काढायला बांधाकडे गेला.