सही करण्याआधी



अमेरिकेतील पिवळी स्कूल बस आपण सर्वांनी निदान चित्रपटात तरी पाहिलेली असते. तिची कथा १९३९ सालची आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात डॉ. फ्रँक सायर यांनी परिषद भरवली आणि तीत शाळेच्या बसगाड्या कशा असाव्यात याची मानके ठरली. पहाटेच्या अंधुक उजेडातही पिवळ्यावरची काळी अक्षरे चटकन दिसतात, म्हणून हा रंग निवडला गेला.

तिथल्या सरकारी शाळा बहुधा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही स्थानिक संस्था चालवते. अनेक डिस्ट्रिक्टकडे स्वतःच्या बसगाड्या, स्वतःचे गॅरेज आणि पगारी मेकॅनिक असतात. बसचा चालक मुलांच्या ओळखीचा असतो. मेकॅनिकला मात्र कोणी ओळखत नाही. त्याचे काम उत्तम झाले की काहीच घडत नाही, मुले शाळेत जातात आणि घरी येतात. या अनोळखी माणसापुढे रोज एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याही विचाराचा आहे: किती खात्री झाली म्हणजे माणसाने सही करावी?

त्याचे काम पाहा. थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने बसचा तळ आणि नळ्या गंजतात. मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद करून तो गेजच्या काट्याकडे पाहत राहतो. काटा भराभर खाली आला तर कुठेतरी हवा गळते आहे. मग बसखाली उताणे झोपून, सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधायचे. लाल दिवे, संकटकाळी उघडायचे दार, बाजूला उघडणारा ‘थांबा’ फलक, सारे तपासायचे. शेवटी कागदावर सही.

या तपासणीची किंमत काय असते? २१ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील युबा सिटी हायस्कूलच्या गायकवृंदाची बस मार्टिनेझ येथे महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या वळणावर खाली कोसळली. २८ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतची एक प्रौढ व्यक्ती मृत्यू पावली. ब्रेकची हवा कमी झाली होती. तिचा इशारा चालकाला इंजिनच्या तेलाचा वाटला.

आता अशी एक सकाळ कल्पून पाहू. सव्वासहा वाजले आहेत. एका बसच्या ब्रेकबद्दल मेकॅनिकला शंका आहे. जादा बस नाही. साहेब म्हणतात, “आजचा दिवस काढू, संध्याकाळी बघू.” साहेब वाईट नाहीत. थांब्यावर मुले थंडीत कुडकुडत आहेत, हेही त्यांना दिसते आहे. मेकॅनिकने काय करावे?

येथे दोन बाजूंना दोन खड्डे आहेत. एक निष्काळजीपणाचा: ‘चालून जाईल’. दुसरा अतिशंकेचा. प्रत्येक नटबोल्टवर दहा वेळा संशय घेणाऱ्याच्या गॅरेजमधून एकही बस बाहेर पडणार नाही. प्रत्येक विषयात गणितासारखी अचूकता मागू नये, असे अॅरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. ख्रिस्तसभेची नीतिपरंपरा म्हणूनच ‘नैतिक निश्चिती’ मागते: हाती असलेल्या साधनांनी प्रामाणिकपणे तपासल्यावर सकारण शंका उरू नये. अकारण भीती उरली, तर ती देवाच्या हाती सोपवून सही करावी. पण कारण असलेली शंका उरली, तर सही करता येत नाही. नीतिशास्त्रात शिकाऱ्याचे जुने उदाहरण देतात. झुडपात हरिण आहे की माणूस, हे ठाऊक नसेल तर बाण सोडू नये. दुसऱ्याचा जीव पणाला असताना सुरक्षित बाजूच धरावी लागते. मुले उशिरा पोहोचतील. तो तोटा खरा आहे, पण तो भरून निघतो.

सही ही साक्ष असते. न तपासता केलेली सही आठव्या आज्ञेचा भंग आहे, आणि तिच्यामुळे पाचवीही धोक्यात येते. ‘साहेबांनी सांगितले’ एवढ्याने आपली सही साहेबांची होत नाही. मात्र सारा भार एकट्या मेकॅनिकवर टाकणे हाही अन्याय आहे. दुरुस्तीच्या पैशात काटछाट करायची, जादा बस ठेवायची नाही, आणि धैर्य मात्र सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाकडून मागायचे, हे न्यायाला धरून नाही. ज्यांच्या हाती अंदाजपत्रक असते, त्यांचीही त्या कागदावर न दिसणारी सही असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या परिपत्रकात शिकवले की कामाचे मोल प्रथम ते काम करणाऱ्या माणसामुळे ठरते. सुताराचे काम करणारे संत योसेफ यांचा एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही, तरी बाळ येशू त्यांच्याच हाती सुरक्षित होता.

महाराष्ट्रातही २०११ साली स्कूल बससाठी स्वतंत्र नियम झाले. नियम कागदावर असतात, ते पाळणारा हात आपल्यापैकी कोणाचा तरी असतो. आपल्यात नर्स आहेत, वायरमन आहेत, इंजिनिअर आहेत, हिशेब तपासणारे आहेत, मुलांची व्हॅन चालवणारेही आहेत. आणि मुलांना त्या व्हॅनमध्ये कोंबून, कमी भाडे मागणारे आईबापही आपणच आहोत. या आठवड्यात कुठेही सही करण्याआधी आपण क्षणभर थांबू या आणि स्वतःला विचारू या: मी हे खरोखर पाहिले आहे का? आणि कोणी “आज सही करता येत नाही” असे म्हणाला, तर त्याच्यावर न चिडता त्याच्या बाजूने उभे राहू या.