सहज निघालेला शब्द

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका आजारी बांधवास घेऊन आम्ही नवी मुंबईस गेलो होतो. खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोगाचे रुग्णालय आहे. मिझोरामात ह्या रोगाचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे तिकडचे पुष्कळ रोगी येथवर येतात. त्या राज्याचे अतिथिगृहही वाशीस आहे. आमच्यासोबत खेड्यातील एक वृद्ध उपदेशक होते. शेजारच्या बाकावर एक तरुण आपल्या बापाचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्याकडे पाहून मास्तर मोठ्याने म्हणाले, “पाळकसाहेब, हे चिनी लोक इतक्या लांब कसे आले?”

तरुणाने मान वर केली आणि चांगल्या मराठीत उत्तर दिले, “काका, आम्ही चिनी नाही. आयझॉलचे आहोत. मी सहा वर्षे नेरूळला कामाला आहे.” एवढे बोलून तो पुन्हा बापाच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवू लागला.

आम्हांस संताप आला. चार लोकांदेखत आम्ही मास्तरांस बोललो, आणि तेथेच आमचे चुकले. ते म्हणाले, “मी सहज बोललो. माझ्या मनात पाप नव्हते.” मग दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत.

वाचकहो, मनात पाप नसता दोष लागतो काय? आम्हांस वाटते, प्रश्न असा मांडला की वाद अंतःकरणाविषयी होतो, आणि अंतःकरण कोणी कोणास दाखवू शकत नाही. चपलेखाली दुसऱ्याचा पाय सापडला तर आपण हेतूची चर्चा करीत नाही. आधी पाय उचलतो. मास्तरांस आम्ही ‘तुम्ही असे आहात’ म्हणालो. ‘हा शब्द त्यास लागला’ एवढेच म्हणावयास पाहिजे होते. पहिल्या वाक्यावर मनुष्य आपली अब्रू राखावयास उठतो. दुसऱ्यावर निदान ऐकतो तरी.

येथे नाथान संदेष्ट्याची आठवण होते. त्याने दावीद राजास आरोप आधी सांगितला नाही, मेंढीची गोष्ट सांगितली. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली: ज्याच्यावर अन्याय झाला तो उरीया होता, नाथान नव्हे. सौम्यपणे समजावण्याचे ओझे त्या बाकावरच्या तरुणावर नव्हते. बाप आजारी, परका मुलूख, आणि वर त्यानेच गोड शब्द शोधावेत, हे कोणत्या न्यायाने? ते काम जवळ बसलेल्या आमचे होते.

तिसऱ्या रात्री धर्मशाळेत दिवा मालवल्यावर आम्ही हळूच विचारले, “मास्तर, शहरात कोणी तुम्हांस आडनाव विचारले तर कसे वाटते?” बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “आडनावाने भागत नाही. मग गाव विचारतात, मग म्हणतात, ‘पूर्वीचे कोण?’ बोलतात गोडच हो. चहासुद्धा देतात.” पुन्हा गप्प. “पण तो चहा घशाखाली उतरत नाही.” त्या तरुणाचे नाव आम्हांपैकी कोणीही काढले नाही.

हा उपाय सर्वत्र चालतो असे मात्र आम्ही म्हणत नाही. इ. स. २०१२ च्या ऑगस्टात अफवा उठल्या आणि बंगळूर व पुणे येथून ईशान्येकडील हजारो लोक भीतीने आगगाड्या भरून गावी परतले. इ. स. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत निडो तानिया ह्या अरुणाचलच्या विद्यार्थ्याच्या केसांची थट्टा झाली. थट्टेतून तंटा, तंट्यातून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. सरकारने त्यानंतर बेजबरुआ समिती नेमली. हात उगारला जातो तेथे न्यायालयाने बोलावे. मेंढीच्या गोष्टीची ती वेळ नव्हे. परंतु तेथेही आरंभ थट्टेनेच झाला होता.

आपल्या मंडळ्यांस आणखी एक सांगणे आहे. इ. स. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मिझोरामात शंभरांत सत्त्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात शंभरांत सुमारे एक. ज्यांस आपण परके म्हणतो ते प्रभुभोजनास आपल्याच मेजावर बसणारे आहेत. (ते ख्रिस्ती नसते तर शब्द कमी लागला असता असे मात्र कोणी समजू नये.)

सकाळी मास्तर दोन पेले चहा घेऊन त्या बाकाकडे गेले. आम्ही मागे राहिलो. तुमच्या भाषेत नमस्कार कसा करतात, असे त्यांनी विचारले. “चिबाइ,” तरुण म्हणाला. मास्तरांनी तो शब्द वेडावाकडा उच्चारला. तरुण हसला नाही, पण चहा घेतला, आणि थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला, “आमच्याकडे तुम्हां मैदानी लोकांस ‘वाइ’ म्हणतात. तेही नेहमी चांगल्या मनाने म्हणत नाहीत.”

मास्तरांनी विचारले, “मग मी वाइ काय?”

“हो, काका,” तो म्हणाला, आणि बापास पाणी पाजावयास उठला.