लुकमा आणि लाल शाई

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही शिकवण आपल्या घरांत मूल बोलू लागल्यापासून मिळते. मग मुलाने लिहिलेला निबंध वर्गाच्या भिंतीवर लावायचा आणि त्यातले अधिकउणे शिक्षकांनी व सोबतच्या मुलांनी सगळ्यांसमोर सांगायचे, हे कितपत बरे? राज्यात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा त्याच्या साधनांत ‘सहाध्यायी मूल्यमापन’ही होते. माझ्या पाहण्यात ते बहुधा रकाना भरण्यापुरतेच राहिले.

आपल्यापाशी मात्र याचा जुना नमुना आहे. जमातीच्या नमाजमध्ये इमाम किरअत चुकले तर मागच्या सफमधून लुकमा दिला जातो. ऐकू येईल असा, सर्वांच्या देखत. त्याला कुणी बेअदबी म्हणत नाही. सुटलेला शब्द तेवढा सांगायचा असतो, इमामांच्या इल्मवर शेरा मारायचा नसतो. यातले मसले शिक्षकांनी मुद्दाम पाहावेत. आपण किनाऱ्यावरचे बहुतेक शाफई. आपल्याकडे इमाम आयत पुन्हा पुन्हा घोळवीत असेतो थांबायचे, ते गप्प झाले की मगच सांगायचे. हनफींकडे नमाजबाहेरच्या माणसाचा लुकमा घेता येत नाही. हेच वर्गात लावून पाहा. ज्याने स्वतःचे लिखाण भिंतीवर लावले नाही, त्याने दुसऱ्याच्या लिखाणावर बोलू नये. शिक्षकांनीही!

मालवण-वेंगुर्ल्याकडचे आपले मूल घरी बोली बोलते, मदरशात उर्दू वाचते, मराठी शाळेत प्रमाण मराठी लिहिते. त्याने ‘खाला’ लिहिले की वहीत लाल गोल पडतो. बंद वहीतल्या त्या गोलाला उत्तर देता येत नाही. पुढच्या खेपेस मूल ‘मावशी’ लिहिते, आणि निबंधातली बाई त्याच्याच ओळखीची राहत नाही. तोच कागद भिंतीवर असेल, तर रापणीवर जाणाऱ्या घरातली एखादी मुलगी विचारू शकते, “माझं ‘रापण’ चाललं, मग हिचं ‘खाला’ का नको?” शिक्षकांचा शेराही तिथे तपासला जातो. उघडेपणाची खरी गरज मला इथे वाटते. ऱ्हस्व-दीर्घासाठी एवढा खटाटोप नको, ते वहीत भागते.

मुले हसतात, हा आक्षेप खरा आहे. एका हसण्याने लिहिता हात कायमचा थांबू शकतो. म्हणून गुण भिंतीवर जाऊ नयेत. आणि कुणी बुडालेल्या होडीबद्दल, आखातातून पैसे न पाठवणाऱ्या बापाबद्दल लिहिले असेल, तर तो कागद मुलाला विचारल्याशिवाय लावू नये. बाकीचे आठवडाभर राहू द्यावेत, शेजारी दुरुस्त प्रत लावायला जागा ठेवून.