'खरे' या शब्दाचे वजन

बाजारात भाव करताना, शेजाऱ्याशी बोलताना, मुलांची भांडणे सोडवताना 'देवाशपथ, खरे सांगतो' हे शब्द आपल्या कानी पडतात. आपणही ते सहज उच्चारतो. शपथा वाहू नका, 'होय' आणि 'नाही' एवढ्यावरच थांबा, ही प्रभू येशूची पर्वतावरील प्रवचनातील शिकवण आपल्याला पाठ आहे. तरीही आपले साधे विधान लंगडे पडेल या भीतीने आपण त्याच्या हाती 'खरे' या शब्दाची काठी देतो. त्या काठीने विधानाला काही आधार मिळतो काय? विसाव्या शतकातील काही तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर ऐकून श्रद्धावंत मनुष्य प्रथम दचकतो.

फ्रँक रॅम्से हे केंब्रिजचे तरुण गणिती. १९२७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एका निबंधात सीझरच्या खुनाचे उदाहरण घेतले. सीझरचा खून झाला असे म्हणा, किंवा सीझरचा खून झाला हे सत्य आहे असे म्हणा. अर्थात काहीच फरक पडत नाही. भर देण्यासाठी किंवा बोलण्याच्या ओघात आपण 'सत्य' हा शब्द जोडतो, एवढेच. म्हणून सत्याचा असा वेगळा प्रश्नच उरत नाही. एखादी गोष्ट मानणे, ती ठामपणे म्हणणे म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. १९३० च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, रॅम्से वारले. ते नास्तिक होते. त्यांचे धाकटे बंधू मायकल मात्र पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. १९६६ साली रोममध्ये पोप सहावे पॉल यांनी आपली अंगठी ज्यांना दिली, ते हेच मायकल रॅम्से.

फ्रँक रॅम्से यांच्या वाटेने पुढे अनेकजण गेले. या मतांना इंग्रजीत जे नाव पडले, त्याचा अर्थ 'फुग्यातील हवा काढणारी मते' असा होतो. मग 'सत्य' हा शब्द भाषेत टिकला कसा? अमेरिकेचे क्वाइन आणि १९९० साली या विषयावर पुस्तक लिहिणारे पॉल हॉर्विच यांच्या मते तो सोयीचा आहे म्हणून. साक्षीदाराने दोन तास दिलेली साक्ष आपण वाक्यावाक्याने पुन्हा म्हणत नाही. 'तो म्हणाला ते सर्व खरे आहे' एवढ्याने भागते. स्ट्रॉसन यांनी १९४९ साली आणखी एक बाजू दाखवली. 'ते खरे आहे' असे म्हणणारा मनुष्य विधानाचा कुठला गुण सांगत नसतो. तो त्याला दुजोरा देत असतो.

हे वाचताना आम्हाला मिस्सामधील 'आमेन' आठवते. विश्वासांगीकार संपतो आणि त्या एका शब्दाने आपण तो सगळा पत्करतो. हिब्रू भाषेत 'आमेन' आणि सत्य या अर्थाचा 'एमेथ' हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. भक्कम असणे, विसंबण्याजोगे असणे, असा त्या धातूचा अर्थ. 'आमेन' म्हणणारा त्या शब्दांवर स्वतःचा भार टाकतो.

पण सत्याची कथा एवढ्यावर संपते काय? बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ म्हणजे सत्य, असे संत थॉमस अ‍ॅक्विनस यांनी तेराव्या शतकात मांडले. हवा काढणाऱ्यांना ही व्याख्या जड वाटते. त्यांना मार्मिक उत्तर दिले ते १९४४ साली कॅथलिक झालेल्या मायकल डमेट या इंग्रज तत्त्वज्ञाने, १९५९ साली. बुद्धिबळाचा डाव कोणत्या स्थितीत संपतो याचे सर्व नियम एखाद्याला शिकवले. मात्र खेळणारा जिंकण्यासाठी खेळतो हेच सांगितले नाही, तर त्याला खेळ कळला असे म्हणता येईल काय? त्याचप्रमाणे 'सत्य' या शब्दाचे सगळे नियम सांगून झाले, तरी बोलणाऱ्याने खरे तेच बोलण्याचा यत्न करायचा असतो, ही गोष्ट सांगायची राहतेच.

हा वाद केवळ विद्वानांचा आहे असे आम्हीही मानीत होतो. वडिलांच्या शेवटच्या आजारात तो आमच्या दारी आला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून, आता थोडे दिवस उरले आहेत, असे सांगितले होते. आत गेल्यावर वडिलांनी विचारले, "काय म्हणाले रे डॉक्टर?" आम्ही म्हणालो, "औषध लागू पडतंय, बाबा." त्यांनी पुन्हा विचारले नाही. चार दिवसांनी त्यांची शुद्ध हरपली. फादर आले, त्यांनी पवित्र तेल लावले, प्रार्थना म्हटली. पापनिवेदन मात्र राहून गेले. आणि ज्या धाकट्या भावाशी ते दहा वर्षे बोलले नव्हते, त्याला बोलावून घेण्याची संधीही आम्ही त्यांच्याकडून काढून घेतली.

पुढे कित्येक दिवस आम्ही मनाची समजूत घालीत होतो. आपण शपथ तर घेतली नव्हती. 'खरे सांगतो' असेही म्हटले नव्हते. केवळ धीर दिला होता. ही पळवाट रॅम्से यांच्या युक्तिवादाने बंद केली. 'खरे' हा शब्द जोडल्याने विधानात जर काही वाढत नसेल, तर तो गाळल्याने काही कमीही होत नाही. 'औषध लागू पडतंय' या तीन शब्दांतच सत्याचा पुरा दावा होता, आणि त्यावर विसंबून एक मनुष्य आपले उरलेले दिवस मोजीत होता.

फुग्यातील हवा काढणाऱ्यांचे आम्ही एवढ्यापुरते ऋण मानतो. 'सत्य' या शब्दातून त्यांनी काढून घेतलेले वजन नाहीसे होत नाही. ते आपल्या प्रत्येक साध्या वाक्यावर येऊन पडते. पर्वतावरील शिकवणीनेही ते तेथेच ठेवले होते. त्या दिवशी आम्ही क्षणभर गप्प बसून वडिलांचा हात हाती घेतला असता आणि "बाबा, दुखणं मोठं आहे; तुम्हाला कोणाला भेटायचंय का?" एवढेच विचारले असते, तर त्या वाक्याला शपथेची गरज पडली नसती.