आरोपीची संमती आणि विद्यार्थ्याची सही

2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपी तरुणीच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरींचा अहवाल पुराव्यात आला. तपासणीत तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, आणि गुन्ह्याचा तपशील ‘मी’पासून सुरू होणाऱ्या वाक्यांतून तिच्या कानावर पडत होता. ती गप्प होती. तिला ते ‘आठवतं’ की नाही, ते यंत्रानं सांगितलं आणि न्यायालयानं ग्राह्य धरलं.

मेंदूच्या अभ्यासातून उभ्या राहणाऱ्या नैतिक प्रश्नांचा विचार करणाऱ्या न्यूरोएथिक्स या विद्याशाखेचं नाव तेव्हा नवंच होतं. 2002 च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेपासून ते रुळू लागलं. सुरुवातीची चर्चा मेंदूचं चित्रण, गुन्ह्याची जबाबदारी, बुद्धी तल्लख करणारी औषधं अशा विषयांची. अमेरिकी विद्यार्थी अभ्यासासाठी रिटालिन घेतात, ते योग्य की अयोग्य, यावर ‘नेचर’मध्ये बराच वाद झाला. पण माझ्या मते या विचाराला खरा आकार दिला तो आपल्या सर्वोच्च न्यायालयानं.

5 मे 2010 च्या ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात न्यायालयानं म्हटलं, की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी तपासणी कुणावरही सक्तीनं करता येणार नाही. संमती असली तरी ती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकील उपलब्ध हवा, आणि परिणाम आधी समजावून सांगायचे. कोठडीतल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हे न्यायाधीशांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे यंत्रं स्वस्त झाली आणि थेट वर्गात शिरली. चीनमधल्या जिन्हुआ शहरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूतल्या लहरी मोजणारे पट्टे बांधले गेले. लक्ष असेल तर लाल दिवा, नसेल तर निळा. आकडे शिक्षकांच्या संगणकावर आणि पालकांच्याही मोबाइलवर. 2019 मध्ये गदारोळ झाला आणि तो वापर थांबवावा लागला. युरोपीय संघानं तर शिक्षणसंस्थांत यंत्राकरवी भावना ओळखण्यावर फेब्रुवारी 2025 पासून बंदीच घातली. अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

विद्यापीठांत अजून पट्टे नाहीत. ऑनलाइन परीक्षेत मात्र कॅमेरा नजर कुठे वळते ते टिपतो आणि संगणक त्यावरून संशय नोंदवतो. विचार करताना खिडकीबाहेर पाहणारी मुलगी त्याच्या लेखी संशयित. आणि तिची संमती? परीक्षेच्या अर्जाखालची एक खूण. ती केली नाही तर अर्ज पुढे सरकतच नाही. खुनाच्या आरोपीला आपण दंडाधिकारी दिला, वकील दिला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला चौकटीत टिचकी मारायला सांगतो. नकार देणाऱ्याला तीच परीक्षा कागदावर, पर्यवेक्षकासमोर देण्याची सोय जोवर विद्यापीठ करत नाही, तोवर त्या खुणेला संमती म्हणायला मी तयार नाही.