चीवराची शिवण

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजार आवारात पहाटेपासून संत्र्यांचे ढीग लागतात, मिरचीच्या हंगामात सारी जमीन तांबडी होऊन जाते, अडत्यांच्या बोलीचा आणि हमालांच्या हाकांचा गलबला उठतो. आणि या बाजाराच्या आसपास, रोजच्या कष्टावर उभ्या असलेल्या घरांतली एखादी मुलगी वस्त्ररचनेचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास फॅशन डिझाइन म्हणतो त्याचे, शिक्षण घेऊ लागली की फीच्या चिंतेबरोबर दुसरीही एक शंका वडीलधाऱ्यांच्या मनात डोकावते. ज्या तथागत बुद्धाने तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले, त्याच्या तसबिरीपुढे रोज वंदना करणाऱ्या घरात ही शोभेची विद्या कशासाठी? ‘पोटापाण्याची सोय होते’ एवढे उत्तर देऊन हा प्रश्न मिटत नाही. कारण तो मिळकतीचा नसून धर्माचा आहे, आणि त्याचा निकाल धर्माच्याच दरबारात लागला पाहिजे.

त्याआधी या विद्येचे पहिले वर्ष कसे जाते ते पाहणे अवश्य आहे. बाहेरच्याला वाटते की तेथे पहिल्या दिवसापासून झगमगीत पोशाखांची चित्रे रंगवली जात असतील. वस्तुतः मुलीच्या हाती येतो तो कोरा मांजरपाट, खडू आणि मापपट्टी. यंत्रावर दोरा न ओवता प्रथम कागदावर आखलेल्या रेषेवरून सुई चालवायची, ती रेघ सुटेनाशी झाली की मग कापडावर टीप मारायची. सुताचे चार धागे ज्योतीवर धरले की जळत्या कागदाचा वास येतो, रेशमाचे धरले की जळक्या केसांचा, आणि कृत्रिम धाग्याची वितळून कठीण गाठ होते, हे स्वतःच्या नाकाडोळ्यांनी ओळखायचे. उभा धागा कोणता, आडवा कोणता, उरेब कापलेले कापड अंगावर निराळे का पडते, हे बोटांना कळेपर्यंत तेच तेच करायचे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा पायरीपायरीने रंगवायच्या. अंगाची मापे घेऊन जाड कागदावर मूळ खाका काढायचा, त्याबरहुकूम मांजरपाट बेतायचा, आणि मुंढा बोटभर चुकल्यामुळे बाही ओढू लागली की सारे उसवून पुन्हा आरंभ करायचा.

हे उसवणे मला फार मोलाचे वाटते. आपल्या हातची, तासन्‌तास राबून घातलेली शिवण स्वतःच टाका टाका करून सोडवणे आणि ज्या कापडावर जुन्या सुईची भोके दिसत आहेत त्याच कापडावर मुकाट्याने दुसरी टीप घालणे, यात अहंकाराला जो धडा मिळतो तो पुष्कळशा प्रवचनांतूनही मिळत नाही. कारण कापड कोणाची भीड धरीत नाही, देहाचे माप कोणाच्या इच्छेने बदलत नाही, आणि आपल्याला सुचलेली कल्पना कितीही प्रिय असली तरी धाग्याला ती मान्य नसेल तर ती सोडूनच द्यावी लागते.

आता धर्माकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धांच्या दृष्टीस मगधातली शेते पडली; पट्ट्यापट्ट्यांनी आखलेली, मध्ये बांध घातलेली, चौकोनाला चौकोन भिडलेली. भिक्खूंची चीवरे अशा रचनेची करता येतील काय, असे त्यांनी आपला शिष्य आनंद याला विचारले. आनंदाने तुकडे बेतून, मोठ्या व लहान पट्ट्या जोडून, मानेशी आणि पोटरीशी येणारे भाग निराळे लावून चीवरे सिद्ध केली, आणि थोडक्यात सांगितलेले सविस्तर समजून घेणारा म्हणून बुद्धांनी त्याचा गौरव केला. कापलेल्या वस्त्राचा कोणास लोभ वाटत नाही, म्हणून ते श्रमणाला योग्य, हे कारण तेथेच दिले आहे. त्याच भागात मूळ, खोड, साल, पाने, फुले आणि फळे यांपासून केलेल्या सहा प्रकारच्या रंगांची अनुज्ञा आहे. यात पाहण्यासारखे हे की वैराग्याच्या वस्त्रालाही बेत लागला, माप लागले, शेत न्याहाळणारी दृष्टी लागली. मुलींना वहीत परिसराची रेखाटने करण्यास सांगतात तेव्हा जशी तिकडे मगधाची शेते तसे इकडे कळमन्याचे आवार आहे: बारदानाची जाडीभरडी वीण, दाभणाने घातलेला सुतळीचा टाका, वाळता वाळता ओल्या तांबड्यापासून काळसर होत गेलेली मिरची.

वस्त्र ही बाह्य बाब, तिच्याशी धर्माचा काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी या देशाचा इतिहास आठवावा. कोणी काय नेसावे, कोणता दागिना घालू नये, याचे निर्बंध येथे जातीच्या हुकुमतीने चालत आले. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हेही आवर्जून सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात शुभ्र वस्त्रे नेसून आलेल्या लाखोंच्या समुदायाने धम्म स्वीकारला. त्या शुभ्र लुगड्याला शोभा कोण म्हणेल? ती प्रतिष्ठा होती.

शंकेतला खरा अंश मात्र मी नाकारीत नाही. गतवर्षीचे धडधाकट वस्त्र अंगावर घालण्याची लाज वाटावयास लावणारा व्यापार तृष्णेचीच पेरणी करतो, आणि या विद्येचे पुष्कळसे विद्यार्थी पुढे त्याच्याच चाकरीत जातात. पण हा दोष व्यापाराचा आहे, बेतण्याशिवण्याचा नव्हे. उलट ज्या मुलीने एकदा सूत ज्योतीवर धरून ओळखले, करवतकाठी साडीच्या काठाचे दाते विणायला विणकराला किती सायास पडतात हे मागाशी उभे राहून पाहिले, तिच्या हातून कापडाची नासाडी सहसा व्हायची नाही.

आणखी एक आक्षेप अनुकरणाचा. पहिल्या वर्षी मुली दुसऱ्यांच्या रचना गिरवतात, यात नवनिर्मिती ती कोणती? आपल्या साहित्यशास्त्राने याचा विचार फार पूर्वी केला आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानले. राजशेखराने दुसऱ्याचे घेण्याचेही प्रकार पाडले आणि नुसत्या प्रतिबिंबाला त्यांत हलके लेखले. गिरवणे हा गुन्हा नव्हे. गिरवून तेथेच थांबणे हे दारिद्र्य होय.

म्हणून नागपुरातल्या विहारांच्या व्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. वर्षावास संपल्यावर कठिन चीवरदानासाठी आपण तयार चीवरे विकत आणतो. यंदा निदान एक चीवर वस्त्ररचनेच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वस्तीतल्या मुलींकडून, आनंदाच्या बेताप्रमाणे, शिवून घ्यावे.