शंकासमाधान : ‘बघू’ म्हणजे कॉल धरायचा का?

दिवाळीच्या रात्री ज्या घरांत तीन पत्ती रंगायची, तिथे आता टेक्सस होल्डेम पोकरचाही डाव बसतो. वाद पत्त्यांवरून क्वचितच होतो. कोण काय बोललं आणि कुणी किती चिप्स सरकवल्या, यावरून आवाज चढतात. या वेळच्या शंका अशाच घरगुती डावांतल्या आहेत. उत्तरांना मुख्य आधार टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या, म्हणजे २००१ साली स्थापन झालेल्या ‘टीडीए’च्या नियमांचा. ते स्पर्धांसाठी केलेले असले, तरी घरी लावायला हरकत नाही.

शंका : शेवटच्या फेरीत समोरून बेट आली. खेळणारा म्हणाला, ‘बघू.’ बेट लावणाऱ्याने तो कॉल समजून पत्ते उघडले. त्यावर हा म्हणतो, ‘अहो, मी विचार करत होतो!’ कुणाचं खरं?

समाधान : आपली पाळी असताना उच्चारलेला शब्द बांधून घेतो, हा पोकरमधला पहिला दंडक. पण शब्द ठरलेले आहेत : चेक, बेट, कॉल, रेझ, फोल्ड, ऑल-इन. त्याबाहेरचा शब्द किंवा हातवारा ज्याने वापरला, जोखीम त्याची. त्याचा अर्थ त्याच्या मनाविरुद्धही लावला जाऊ शकतो, असं टीडीएचा नियम सांगतो. त्यामुळे पत्ते उलटायला हात गेला तेव्हाच ‘थांबा’ म्हटलं असेल, तर तो विचार होता हे मान्य करावं. समोरचे पत्ते डोळे भरून पाहिले आणि मग तोंड उघडलं, तर कॉल धरावा. पत्ते उघडणाऱ्यानेही आधी ‘कॉल का?’ एवढं विचारायला हवं होतं. टेबलावर बोटं वाजवण्याची सवय असलेल्यांनीही जपावं. पोकरमध्ये टकटक म्हणजे चेक.

शंका : ‘तुझे शंभर… आणि वर तीनशे!’ असं सिनेमात सर्रास म्हणतात. घरी का चालू नये?

समाधान : ‘तुझे शंभर’ म्हणताच कॉल झाला. पुढचे तीनशे परत घ्यायचे. याला स्ट्रिंग बेट म्हणतात. कारण त्या दोन वाक्यांमधल्या क्षणात दडलेलं आहे. ‘तुझे शंभर’ ऐकून समोरच्याचा चेहरा सैल पडला की आवळला, हे फुकटात पाहायला मिळतं आणि मग रेझ करायचं की नाही ते ठरवता येतं. बोलणाऱ्याच्या मनात कपट नसेलही; मन तपासायची सोय टेबलावर नाही, म्हणून नियम फक्त कृती पाहतो. उपाय सोपा आहे. आधी ‘रेझ, एकूण चारशे’ म्हणावं, मग चिप्स दोन हप्त्यांत आणल्या तरी चालतात. न बोलता खेळायचं असेल, तर सगळ्या चिप्स एकाच वेळी पुढे टाकाव्यात.

शंका : आधीची बेट १०० ची. पुढच्याने न बोलता ५०० ची एकच चिप टाकली. हा रेझ का?

समाधान : नाही, कॉल. ४०० परत. मात्र त्या फेरीत आधी कुणीच बेट लावलेली नसेल, तर तीच चिप ५०० ची बेट ठरते.

चिप्स अनेक असतील, तर निम्म्याचा नियम लागतो. १०० च्या बेटवर कुणी शंभराची एक आणि दहाच्या चार चिप्स सरकवल्या, तर वरचे ४० किमान रेझच्या, म्हणजे आणखी शंभराच्या, निम्म्याहून कमी. म्हणून कॉल, चाळीस परत. दहाच्या सहा असतील, तर निम्मं ओलांडलं. आता आणखी ४० घालून २०० चा रेझ पुरा करावाच लागतो, ‘चुकून गेल्या’ म्हणून सुटका नाही. ‘पाच!’ असं मोघम ओरडणाऱ्यासाठीही तोडगा आहे. पाचशे की पाच हजार असा प्रश्न पडला, तर आधीच्या पॉटमध्ये मावेल तेवढा मोठा आकडा धरतात. पॉट ५,००० हून कमी असेल, तर बेट ५०० ची.

शंका : पाळी नसताना कुणी ‘कॉल’ म्हणालं तर?

समाधान : डाव मागे नेऊन ज्याची पाळी त्याला खेळू द्यावं. त्याने चेक, कॉल किंवा फोल्ड केलं, तर घाई करणाऱ्याचा शब्द कायम. त्याने बेट किंवा रेझ केलं, तर परिस्थिती बदलली. घाई करणारा मोकळा, त्याच्या चिप्स परत.

शंका : आमच्याकडे वयाने मोठे मामाच दर वेळी ‘तुझे शंभर… आणि वर’ करतात. पाच-दहा रुपयांच्या डावात त्यांना टोकणं संस्कारांत बसतं का?

समाधान : दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, त्या दिवशी द्यूत खेळण्याची परंपरा जुनी आहे. पण महाभारतातलं द्यूत चिघळलं ते मोठ्यांच्या गप्प बसण्याने. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न म्हणजे लावलेला पण वैध होता का, हाच होता. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचं सांगितलं, निर्णय दिला नाही. लावलेला पण अवैध असल्याचं स्पष्ट म्हणाला तो विकर्ण, वयाने लहान आणि दुर्योधनाचाच भाऊ.

तेव्हा टोकण्यात उर्मटपणा नाही. सूर मात्र सांभाळावा. ‘मामा, कॉल झाला हं, वरचे परत घ्या,’ एवढं पुरे. लबाडीचा शब्द काढू नये. त्याहून बरं म्हणजे पत्ते वाटायच्या आधी चार नियम कागदावर लिहून सगळ्यांना वाचून दाखवावेत आणि वाद झाला तर त्या डावातून फोल्ड झालेल्या माणसाने निकाल द्यावा, हेही तेव्हाच ठरवावं. बहुतेक डावांत मामा लवकर फोल्ड होत असतील, तर ते काम त्यांच्याकडेच सोपवता येईल.